ह, ळ, क्ष, ज्ञ

लीना देवचक्के पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. पोटापाण्याच्या कामाशिवाय तिनं एक काम स्वतःहून अंगावर घेतलं होतं, आणि ते सांगितलं की लोक हसायचे. तिला लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीला मराठी मुळाक्षरांचा क्रम शिकवायचा होता.

कंप्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला आतून एक आकडा दिलेला असतो आणि लहान आकड्याचं अक्षर आधी येतं. पण आकडे वाटणाऱ्यांनी काही मराठी शाळेत जाऊन बाराखडी घोकलेली नव्हती. म्हणून भाषेगणिक नियमांची एक फाईल असते. तिला लोकेल म्हणतात, आणि कुठलं अक्षर कुणाच्या मागे बसेल ते त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मराठीच्या फाईलमध्ये कुणीतरी देवनागरीचा एक सरसकट क्रम उचलून चिकटवला होता. त्यामुळे ळ जाऊन ल च्या शेजारी बसायचा. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतःची जागाच नव्हती. क्ष क च्या पोटात, ज्ञ ज च्या. नावांची यादी लावली की काळे आधी यायचे आणि काशीद नंतर. पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल की ह, ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात, पण यंत्राला सांगणारं कुणी नव्हतं.

ती फाईल सांभाळणारे लोक परदेशातले, सभ्य आणि चिवट. पुरावा द्या म्हणाले. लीनानं शब्दकोशांची पानं पाठवली, पहिलीच्या पुस्तकाची पानं पाठवली. कुणी म्हणालं, हे फार थोड्या लोकांपुरतं आहे. तिनं मराठी बोलणाऱ्यांची संख्या लिहून पाठवली, तेव्हा त्यानं माफी मागितली. असं करता करता काही वर्षं गेली आणि एका दिवशी नियम मंजूर झाला. तिनं पहिला फोन श्रीगोंद्याला वडिलांना लावला.

नृसिंह देवचक्के सरांनी उभी हयात श्रीगोंद्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात मराठी शिकवलं होतं. पत्नी गेल्यापासून ते धाकटा मुलगा अनीश, सून मनवा आणि नातीबरोबर राहत. फोनवर ते इतके खूश झाले की शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, "माझ्या लेकीनं ळ ला घर मिळवून दिलं!"

त्यानंतरच्या डिसेंबरात लीना दोन आठवडे घरूनच काम करायला श्रीगोंद्याला आली. साखर कारखान्यांचा सीझन जोरात होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि संध्याकाळी वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरायचा. लहानपणी तिला तो कळतही नसे. आता पहिले दोन दिवस जेवण जायचं नाही.

गावात संस्थेच्या निवडणुकीचं वातावरण होतं. अकरा संचालक निवडायचे, उमेदवार त्याच्या दुप्पट. आजीव सभासद मतपत्रिकेवर शिक्के मारत वरून खाली येतात आणि सात-आठ शिक्के झाले की कंटाळतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे वरच्या नावांना फायदा. संस्थेच्या घटनेत लिहिलेलं होतं की नावं आडनावांच्या वर्णानुक्रमे छापावीत. मागच्या खेपेला हाताने लावलेल्या क्रमावरून हाणामारी झाली होती, म्हणून यंदा सर्व उमेदवारांनी एकत्र बसून ठराव केला होता की कंप्युटर लावेल तो क्रम, माणसानं हात लावायचा नाही. निवडणूक अधिकारी म्हणून सर्वांच्या संमतीनं देवचक्के सरांना नेमलं होतं. गावात ज्यांच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असे तेवढेच एक उरले होते.

आणि संस्थेच्या ऑफिसातला कंप्युटर लीनानंच मागे कधीतरी वडिलांच्या सांगण्यावरून फुकटात लिनक्स घालून दिलेला होता.

एका सकाळी ऑफिसातले क्लार्क गोरक्षनाथ यांचा फोन आला.

"ताई, लई घोळ झालाय. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ते अपडेट का काय म्हंत्यात ते दाबलं हुतं. आता मतपत्रिका काढली, तर आप्पासाहेब पार तळाला गेल्यात."

आप्पासाहेब क्षीरसागर म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. लीना ऑफिसात गेली. कच्च्या मतपत्रिकेवर पहिलं नाव औटी, दुसरं खेतमाळीस, आणि पार शेवटी क्षीरसागर. जुन्या क्रमात ते औटींच्या खालोखाल दुसरे आले असते. तिला एकदम हसू फुटलं. परदेशातल्या लोकांशी इतकं भांडून मिळवलेला नियम त्या अपडेटबरोबर तिच्याच गावच्या कागदावर उतरला होता आणि अगदी बरोबर उतरला होता.

"घोळ नाही, गोरक्षनाथ. क्ष शेवटीच असतो."

"त्ये मला ठावं हाय, ताई," ते म्हणाले. "साहेबांना कोन सांगनार?"

त्या संध्याकाळी साहेब स्वतःच घरी आले, बरोबर चार माणसं, एक शाल आणि एक नारळ. कुणी काही बोलायच्या आत शाल लीनाच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला आणि एकानं मोबाईलवर फोटो काढला.

"मराठी भाषेची येवढी सेवा केली तुमी, आन आमाला पत्त्या न्हाई," आप्पासाहेब खुर्चीत रेलत म्हणाले. "भाषा म्हंजे आई. आईची सेवा करनारी लेक आपल्या गावची, ह्याचा मला लई अभिमान हाय."

त्यांचा आवाज गोड होता, मुरंब्यासारखा, बोटाला चिकटणारा. मनवानं चहा आणला. त्यांनी तिच्या मुलीचं कौतुक केलं, चहाचं कौतुक केलं, सरांच्या अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आता ताई, क्ष शेवटी हाय, ह्ये मला मान्य हाय. पर शेवटी म्हंजे किती शेवटी?"

"शेवटी म्हणजे शेवटी. त्याच्यामागे फक्त ज्ञ."

"बराबर. तर येवढी विलेक्शन होस्तवर तो नियम जरा मागं घ्या. नंतर तुमचा ळ तुमाला, तुमचा क्ष तुमाला. आमी कुटं अडवतोय?"

"तुमचं नाव हातानं वर घ्यायचं तर घ्या. मला कशाला विचारता?"

"तसं कसं? ठराव झालाय. हात लावला तर ती सविता खेतमाळीस बोंब मारंल. कंप्युटरनंच लावलं पायजे." आणि ते हसले. "कंप्युटर तुमचा, नियम तुमचा. घरचंच काम हाय."

लीनानं नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले, सरांकडे बघितलं आणि निघाले. त्या बघण्यात ओळख होती, म्हणजे आधी काहीतरी बोलणं झालेलं असतं तसली. लीनाच्या ते लक्षात आलं, पण तिनं मनावर घेतलं नाही. तिनं शाल काढून घडी मोडली, तर आतून टाचणीनं लावलेली चिठ्ठी खाली पडली. चिठ्ठीवर कुठल्या तरी सेवानिवृत्त ग्रामसेवकाचं नाव होतं. त्याच्या सत्काराची शाल उरलेली असावी किंवा परत आलेली.

तिनं चिठ्ठी वडिलांना दाखवली. तिला वाटलं, आता दोघं पोट धरून हसतील.

सर हसले नाहीत. म्हणाले, "बस जरा. शांतपणे ऐक. क्ष म्हणजे काय?"

"बाबा?"

"क् अधिक ष. जोडाक्षर. स्वतंत्र वर्ण नव्हेच तो. संस्कृतच्या कोशात क खालीच सापडतो. तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर जुना क्रम काही अगदीच चुकीचा नव्हता."

वर्गात खडू हातात घेऊन बोलायचे तसेच ते बोलत होते, शांत, तोलून मापून, प्रत्येक शब्दाला जागा देत.

"आपण संस्कृतचा कोश लावतोय का, बाबा? मराठी मतपत्रिका आहे. तुम्ही आयुष्यभर पोरांना काय शिकवलंत?"

"शाळेत शिकवायचं वेगळं. शास्त्र वेगळं."

"आप्पासाहेब आधी येऊन गेले होते ना?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "अनीश नऊ वर्षं त्यांच्या कॉलेजात तासांवर शिकवतोय. जूनमध्ये जागा निघतेय. कायमची."

"मग तसं म्हणा. अनीशसाठी करायचंय असं म्हणा. मी तरीही करणार नाही, पण निदान मला कळेल. व्याकरण कशाला मधे आणता?"

"दोन्ही खरं असू शकतं, लीना."

त्यांना लाज वाटत असती, आवाज चढला असता, तर तिनं कदाचित समजून घेतलं असतं. पण ते खरोखरच समाधानानं बोलत होते. आपल्या सोयीचा आधार सापडल्याचं समाधान. ज्या विद्येवर तिचं सगळं बालपण पोसलं होतं, ती त्यांनी पायपुसण्यासारखी दारात टाकली होती, आणि वर तिचा पोत समजावून सांगत होते.

अनीश गच्चीत उभा होता. ती वर गेली तेव्हा तो म्हणाला, "ताई, मला नेमणुकीची ऑर्डर नको असं मी म्हणणार नाही. तेवढं धाडस माझ्यात नाही."

"तू बाबांना सांगितलंस का हे करायला?"

"नाही. पण नको असंही नाही सांगितलं."

तिला त्याचा राग आला, पण किळस आली नाही. निदान तो क् अधिक ष म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी निवडणूक अधिकारी म्हणून एक आदेश काढला. 'क्ष हे संयुक्ताक्षर असल्याने वर्णानुक्रमात क या वर्णाखाली धरण्यात यावे. संगणक प्रणालीत त्यानुसार आवश्यक ती दुरुस्ती करून घ्यावी.' खाली त्यांची सुबक सही आणि संस्थेचा गोल शिक्का. दुरुस्तीसाठी बसस्टँडजवळच्या कंप्युटर दुकानातल्या रविराजला बोलावलं. रविराज हुशार होता. त्यानं इंटरनेटवर शोधून नियमांची फाईल उघडली, क्ष आणि ज्ञ च्या ओळी उडवल्या, फाईल पुन्हा चढवली आणि संध्याकाळी लीनाला फोन केला.

"मॅडम, तुमीच का त्या? फाईलीत वरती तुमचं नाव हाय! आपल्या श्रीगोंद्याचं मानूस इतक्या आत, मला तर खरंच वाटंना."

"तुम्ही ओळी काढल्यात ना?"

"व्हय, सरांची ऑर्डर हुती. पर तुमचं नाव तसंच ठेवलंय, मॅडम. त्याला हात न्हाई लावला."

त्याला वाटलं होतं की ती आभार मानेल. तिच्या नावाखाली आता तिचा नियम नव्हता, पण नाव होतं. आणि रात्रीपर्यंत तेच नाव गावभर फिरायला लागलं. सविता खेतमाळीस यांनी हरकत घेतली तेव्हा आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "नियम सरांच्या लेकीनं लिवलाय. जगात चालतो. फाईलीत नाव हाय, जाऊन बघा." शालीचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पोचलाच होता.

लीना सविताबाईंना जाऊन भेटली. फाईल बदललीये, मूळ नियम असा आहे, मी कुठेही सांगायला तयार आहे, असं तिनं समजावलं. सविताबाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं खरं आहे हो, ताई. पण आमचं मिटलंय. आमच्या पॅनलच्या तिघांना ते संचालक मंडळात घेतायत. मी हरकत मागे घेतली दुपारी." मग रिकामा पेला उचलत, "तसंही माझं नाव दोनवरून तीनवर जाईल, एवढंच."

तेव्हा लीनानं स्वतःच्या नावानं लेखी हरकत दिली. गोरक्षनाथांनी ती घेतली, शिक्का मारला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "निकाल सर देत्याल, ताई."

निकाल रात्री जेवणाच्या टेबलावर आला. मनवा भाकऱ्या वाढत होती. सरांनी शेजारच्या फाईलमधून एक कागद काढला आणि तिच्या ताटाजवळ ठेवला.

'श्रीमती लीना नृसिंह देवचक्के यांस. अर्जदार या संस्थेच्या आजीव सभासद नसल्याने त्यांना हरकत घेण्याचा अधिकार पोचत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.'

कागदाला मळीचाच वास येतोय असं तिला वाटलं, खिडकी बंद असतानाही.

"दुसऱ्या प्रतीवर पोच दे," सर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.

"इथे? जेवताना?"

"काम वेळच्या वेळी झालेलं बरं. तुला वाईट वाटायचं कारण नाही, हा आदेश वडील म्हणून दिलेला नाही."

मनवाचा हात भाकरीसकट हवेत थांबला होता. अनीश आमटीत बोट बुडवून बसला होता. लीनानं सही केली. सही करताना तिला दिसलं, सरांनी सोबत जोडलेल्या तिच्या अर्जातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल शाईनं दुरुस्त केली होती. ती उठली, मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेली.

आप्पासाहेब सर्वाधिक मतांनी निवडून आले. ते क्ष मुळे आले की एरवीही आलेच असते, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि लीनाला तेच सगळ्यात ओकारी आणणारं वाटलं. कदाचित या सगळ्याची काही गरजच नव्हती. जूनमध्ये अनीशची ऑर्डर निघाली. त्यानं पेढ्यांचा फोटो पाठवला. तिनं 'अभिनंदन' लिहिलं, आणि ते मनापासून लिहिलं होतं की नाही ते तिला ठरवता आलं नाही.

पावसाळ्यात, नियमांची फाईल सांभाळणाऱ्या लोकांकडून तिला एक पत्र आलं. मराठीच्या क्रमाविरुद्ध तक्रार नोंदवली गेली होती. तक्रारदार, रविराज. दर अपडेटनंतर त्याची दुरुस्ती पुसली जायची आणि आप्पासाहेब पुन्हा तळाला जायचे. आता तर संस्थेच्या सगळ्या याद्यांत, समारंभाच्या पत्रिकांतही, साहेबांना दुसऱ्या नंबराची सवय लागली होती. वैतागून रविराजनं मुळातच नियम बदला अशी मागणी केली होती, आणि पुरावा म्हणून एका निवडणूक अधिकाऱ्याचा, मराठीच्या ज्येष्ठ शिक्षकाचा, सही-शिक्क्याचा आदेश जोडला होता. परदेशातल्या गृहस्थानं नम्रपणे विचारलं होतं: कागद अधिकृत दिसतो. तुमचं म्हणणं काय?

तिनं वडिलांना फोन केला. हकीकत सांगितली.

त्यांनी विचारलं, "माझं नाव येईल का त्यात?"

"आलंच आहे. तुमची सही आहे."

"कोण वाचतं ते?"

"जगातलं कुणीही. आणि एकदा आलं की पुसत नाहीत."

"मग असं लिही," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला, "की मराठीत या बाबतीत दोन परंपरा आहेत, दोन्ही आदरणीय आहेत. सगळ्यांचाच मान राहील."

"फोन ठेवते," लीना म्हणाली.

तिनं उत्तर लिहिलं. लहानच. हा आदेश एका उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर वर आणण्यासाठी काढला होता. त्यावर सही करणारे गृहस्थ माझे वडील आहेत. ते स्वतः चाळीस वर्षं मुलांना क्ष शेवटी शिकवत आले. नियम आहे तसाच ठेवावा. दोन दिवसांत तक्रार फेटाळली गेली. रविराजनं खाली अंगठा उंचावल्याचं चित्र टाकलं आणि ऑफिसचे अपडेट कायमचे बंद कसे करायचे ते विचारलं. कुणीतरी त्याला तेही सांगितलं.

त्या रविवारी वडिलांचा फोन आला. त्यांनी अनीशकडून ते वाचून घेतलं होतं.

"मला खोटारडा ठरवलंस तू. इंग्रजीत. परक्या लोकांपुढे," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला होता. "हेच मराठीत माझ्या तोंडावर बोलली असतीस तर मी ऐकून घेतलं असतं."

ती तोंडावरच बोलली होती, त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीसमोर. ते त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, किंवा त्यांनी तेही व्यवस्थित मागे लावून टाकलं होतं. त्या क्षणी तिला कळलं की त्यांना पटवायचं आता काही उरलेलं नाही.

फोन ठेवून तिनं ते उत्तर ओळीन् ओळ मराठीत उतरवलं. एक शब्दही मवाळ केला नाही, एकही वाढवला नाही. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले आणि त्यांच्या मोबाईलवर पाठवून दिलं. थोड्या वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या. तिनं मोबाईल उपडा ठेवला आणि कणीक भिजवायला घेतली.